एकतिसावं प्रमाणपत्र

यज्ञेश्वर सर जुळे सोलापुरात आमच्याच कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून राहतात. गेल्या वर्षी संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले होते तेव्हा हॉलच्या भिंतीवर अठ्ठावीस प्रमाणपत्रं होती. मी मोजली, कारण वाण यायला वेळ लागत होता. सगळी सात रस्ता चौकातल्या दुकानातून लॅमिनेट करून आणलेली. प्रत्येकावर उजव्या कोपऱ्यात सोनेरी बिल्ला, प्रत्येकावर सरांचं नाव जाड अक्षरात. ‘ताणतणाव व्यवस्थापन’, दीड तास. ‘समावेशक वर्ग’, दोन तास. ‘वेळेचं नियोजन’, पंचेचाळीस मिनिटं. हे शेवटचं त्यांनी दहावीच्या पूर्वपरीक्षेला वर्गात देखरेख करता करता मिळवलं होतं. तसं त्यांनीच मला सांगितलं, तेही अभिमानाने.

“नोकरी करता करता शिकायचं, वहिनी. दोन-दोन वर्षं डिग्रीत घालवायला आता वेळ कुणाला आहे? एकेक छोटं कौशल्य घ्यायचं, एकेक बॅज मिळवायचा.”

त्यांची बायको तिळगूळ देताना म्हणाली, “आता स्वयंपाकघरच राहिलंय. मी सांगून ठेवलंय, फ्रिजवर चिकटवाल तर बघा.”

सर हसले. त्यांना ती थट्टा वाटली नाही, कौतुक वाटलं.

कल्पना म्हणून त्यात वाईट काही नाही. मोठ्या माणसाने आपल्या कामाला लागणारी एखादी गोष्ट चार तासांत नीट शिकावी, तो ती शिकला याची कुणीतरी खात्री करावी आणि तसं लिहून द्यावं. यात तीन पायऱ्या आहेत. सरांनी पहिल्या दोन काढून टाकल्या होत्या. परीक्षेची उत्तरं शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोर्सच्या आधी येतात. व्हिडिओ मात्र पूर्ण चालल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, म्हणून ते चालू ठेवावे लागतात. ते बघावे लागतात असं पोर्टल कुठेही म्हणत नाही. ते फक्त दर सात मिनिटांनी थांबतं आणि विचारतं, ‘आपण उपस्थित आहात का?’ ‘हो’ दाबलं की पुढे जातं.

लोक सांगतात, हा माणूस पूर्वी बरा शिकवायचा. मूळचे मोडनिंबचे. नवीन नोकरीत असताना आठवीच्या मुलांना एस.टी.ने उजनी धरणाच्या काठावर नेऊन पाणी मागे का सरकतं, गाळ कुठे साचतो, परदेशी पक्षी नेमके तिथेच का उतरतात, हे दाखवायचे. आमच्या शेजारच्या मुलाला ती सहल अजून पाठ आहे. आता भूगोलाच्या तासाला सर पुस्तकातला उतारा एका मुलाला मोठ्याने वाचायला सांगतात आणि टेबलाखाली फोन बघतात. उजनीच्या सहलीला बॅज मिळत नसावा.

मी हे सगळं दुरून बघून हसून सोडून दिलं असतं. पण माझी मुलगी इंद्रायणी, आमची इंदू, त्यांच्या शाळेत सहावी ब मध्ये आहे, आणि तिला फिट येते.

वर्षातून दोनदा, कधी तीनदा. बहुतेक वेळा दोन मिनिटांत थांबते. डॉक्टरांनी आम्हाला इतकंच शिकवलंय की तिला कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या वस्तू सरकवायच्या, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटं उलटली तर नाकात मारायचा एक स्प्रे आहे, तो मारायचा. घरी हे सोपं आहे, कारण घरी मी आहे. ती झोपली तरी माझा एक कान तिच्या खोलीत असतो. शाळेचे सहा तास मात्र माझ्या हातात नाहीत. त्या सहा तासांसाठी मला एक माणूस हवा होता. एवढंच मागणं होतं माझं.

जूनमध्ये मी मुख्याध्यापिका शकुंतलाबाईंना भेटले. बाई सरळ आहेत, पण निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाइतक्याच सरळ. त्या म्हणाल्या, “तुम्ही अगदी वेळेवर आलात. प्रत्येक शाळेत प्रथमोपचाराचा कोर्स केलेला एक शिक्षक हवा असं परिपत्रकच आलंय. आमचे यज्ञेश्वर सर करतायत.”

पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती आणि त्यासाठी अशा कोर्सचे गुण धरतात, हे बाईंनी सांगितलं नाही. मला ते नंतर कळलं.

जुलैमध्ये इंदूची औषधाची चिठ्ठी द्यायला शाळेत गेले होते. व्हरांड्यात घंटेखाली सुंदरम्मा स्टुलावर बसली होती. सुंदरम्मा शाळेची शिपाई. शहराच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू, नवरा यंत्रमागावर. चौदा वर्षं शाळेत आहे आणि चौदा वर्षं कंत्राटावरच आहे. मुलं तिला अम्मा म्हणतात. तिच्यासमोर पाण्याच्या जगला टेकवून कुणाचातरी फोन उभा केला होता आणि त्यात एक बाई काहीतरी सांगत होती. मला वाटलं, मालिका बघतेय. मनात म्हटलं, शाळेच्या वेळात! मी तिच्याकडे जरा नाराजीने बघितलंसुद्धा. त्याची मला आज लाज वाटते.

ऑगस्टमध्ये सरांचं एकतिसावं प्रमाणपत्र आलं. ‘शालेय प्रथमोपचार व आपत्कालीन प्रतिसाद’, चार तास. स्टेटसवर फोटो, खाली ओळ: ‘जबाबदारी वाढली.’ स्प्रे घेऊन मी शिक्षकखोलीत गेले. तो कसा उघडायचा, कसा धरायचा, प्रत्येक नाकपुडीत एकदा कसा मारायचा, हे रिकामी बाटली घेऊन दाखवलं. सर मान हलवत होते. फोन हातात होता. सुंदरम्मा चहाचे कप गोळा करत होती. ती मात्र ट्रे हातात धरून माझं संपेपर्यंत उभी राहिली.

“अहो, काही काळजी करू नका,” सर म्हणाले. “मॉड्यूल तीनमध्ये सगळं झालंय आमचं.”

“सर, स्प्रे कुठे ठेवणार?”

“प्रथमोपचार पेटीत. कुलूपबंद. नाहीतर पोरं बँडेजं काढून खेळतात. किल्ली माझ्याकडे.” त्यांनी कमरेचा जुडगा वाजवून दाखवला.

पेटी म्हणजे ऑफिसबाहेरच्या भिंतीवरचं काचेच्या दाराचं लहान कपाट, त्यावर लाल अधिकचिन्ह. आत बँडेज, कापूस, आता माझ्या मुलीचा स्प्रे. कुलूप मला पटलं नव्हतं. पण प्रमाणपत्र असलेल्या माणसाला कुलूप लावू नका म्हणून मी कोणत्या तोंडाने सांगणार? माझ्याकडे नुसती बी.एस्सी.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी, भूगोलाच्या तासाला, इंदूला फिट आली. पुढचं मी तिच्या शेजारी बसणाऱ्या उत्कर्षाकडून, सुंदरम्माकडून आणि शकुंतलाबाईंकडून ऐकलं. तिघींच्या सांगण्यात फरक नाही.

इंदू बाकावरून खाली पडली. मुलं ओरडली. सर जागेवरून उठले आणि त्यांच्या अंगावरची एकतीस प्रमाणपत्रं एका क्षणात गळून पडली. तोंडातून शाळेची छापील भाषाही गेली.

“आरं, कांदा आणा! खिचडीच्या खोलीतनं कांदा आणा कुणीतरी! पळा की!”

दोन मुलं पळाली. सरांनी इंदूला उताणं केलं, एका मुलाला पाय धरायला लावले आणि म्हणाले, “लोखंड द्या हातात. लोखंड हातात दिल्यावर आकडी उतरती.” वर्गात लोखंड कुठलं असणार? त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तिच्या मुठीत कोंबला. मूठ घट्ट आवळली गेली.

पेटीची किल्ली त्या जुडग्यात होती.

मी हे कितीदा लिहिलं तरी मला तेच चित्र दिसतं. औषधाच्या पेटीची किल्ली तिच्याच मुठीत. आणि चार तासांचा कोर्स केलेला माणूस कांदा फोडतोय.

गलका ऐकून सुंदरम्मा आली. तिने पाय धरलेल्या मुलाला बाजूला केलं, बाक सरकवला, इंदूला डाव्या कुशीवर वळवलं, स्वतःचा पदर गुंडाळून तिच्या डोक्याखाली दिला आणि सरांचा कांद्याचा हात ढकलला.

“बाजूला व्हा ओ सर. श्वास घेऊ द्या पोरीला.”

“अगं, तुला काय कळतंय? दातखीळ बसली, चमचा आण!”

“तोंडात काय घालायचं न्हाय. किती वाजता पडली?”

कुणालाच माहीत नव्हतं. फक्त उत्कर्षाला होतं. तिच्या मनगटावर घड्याळ आहे आणि भूगोलाच्या तासाला ती ते सारखं बघते. अकरा एकोणचाळीस. सुंदरम्माने स्वतःच्या घड्याळात बघितलं. घंटा देणाऱ्या बाईला मिनिटं मोजायची सवय असते. अकरा त्रेचाळीसला तिने सरांकडे हात पुढे केला.

“पेटीची किल्ली द्या.”

सरांनी इंदूच्या मुठीकडे बोट दाखवलं. “काढून घे.”

“मूठ उघडायची न्हाय. जबरदस्ती केली तर बोट मोडतं पोरीचं.”

“मग मी काय करू आता?” सर म्हणाले.

सुंदरम्मा व्हरांड्यात गेली, घंटेची लोखंडी हातोडी उचलली आणि पेटीची काच फोडली. अकरा चव्वेचाळीसला स्प्रे मारला. दोन मिनिटांत झटके थांबले. त्यानंतर तिने शकुंतलाबाईंना सांगून रिक्षा बोलावली, त्यांना मला फोन करायला लावला आणि काच झाडून काढली, मुलांच्या पायात जाऊ नये म्हणून.

मी पोचले तेव्हा इंदू ऑफिसच्या बाकावर झोपेत होती. तिच्या उजव्या तळहातावर किल्लीचा ठसा होता, दात्यांसकट. तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.

दवाखान्यातून आल्यावर एक दिवस गेला. तिसऱ्या दिवशी मला शाळेतून दोन बातम्या कळल्या. पहिली, सरांनी अहवाल लिहिला होता: ‘प्रशिक्षित शिक्षकाने तत्काळ प्रथमोपचार देऊन विद्यार्थिनीचे प्राण वाचविले.’ दुसरी, सुंदरम्माला मेमो मिळाला होता: ‘शालेय मालमत्तेची नासधूस व अधिकार नसताना औषध देणे. तीन दिवसांत खुलासा करावा.’ खाली शिफारस, कंत्राट पुढे चालू ठेवू नये. मसुदा सरांचाच. ‘कार्यालयीन पत्रव्यवहार’, एक तास, प्रमाणपत्र क्रमांक एकोणीस.

मी त्या रात्री तीन पानी तक्रार लिहिली आणि सकाळी ती पर्समध्ये घालून शाळेत गेले. शकुंतलाबाईंच्या खोलीत सर होतेच. सुंदरम्मालाही बोलावलं होतं. ती दाराशी उभी होती, हातात मेमोची घडी.

बाईंनी तिला विचारलं, “कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, हे तुला कुणी शिकवलं?”

“व्हिडिओत सांगतात की, बाई.”

“कुठल्या व्हिडिओत?”

“सरांच्या फोनातल्या. ती डॉक्टरीणबाई लई चांगलं सांगती ओ. तोंडात काय घालू नका, हातपाय धरू नका. तीन-तीनदा सांगती. स्प्रे तर या ताईंनी दाखवला, तवा मी तिथंच होते.”

“सरांच्या फोनातले व्हिडिओ तू कसे बघितलेस?”

“आठ दिवस माझ्याकडंच होता की फोन, दुपारच्याला. सर म्हणले, ‘आपण उपस्थित आहात का’ असं आलं की ‘हो’ दाब.” सुंदरम्माने आमच्याकडे बघितलं. आपलं काही चुकलं का, हे तिला कळत नव्हतं. “मी उपस्थित होतेच की बाई. म्हणून दाबलं.”

बाईंनी सरांकडे मान वळवली.

“ती नुसती बटण दाबत होती,” सर म्हणाले. “अभ्यास मी घरी केला. रात्री. संपूर्ण मॉड्यूल.”

“कांदा कुठल्या मॉड्यूलमध्ये होता, सर?” मी विचारलं.

“वहिनी, प्रसंग असा असतो की माणूस—”

“आणि लोखंड?”

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. कुठल्यातरी कोर्सची आठवण आली होती. त्यांनी तो घाईने उलटा ठेवला.

मी पर्समधून तक्रार काढून टेबलावर ठेवली. बाईंनी सर आणि सुंदरम्मा, दोघांनाही बाहेर पाठवलं. तिन्ही पानं शांतपणे वाचली, चष्मा काढला.

“यातला शब्द न् शब्द खरा आहे. तुम्ही ही वर पाठवली तर चौकशी लागेल. लागायलाच हवी. पण पहिला प्रश्न काय येईल सांगू? फोन कोण चालवत होतं? सर कायम नोकरीत आहेत. त्यांना समज देतील, फार तर तोच कोर्स पुन्हा करायला लावतील. ही कंत्राटावरची. खोट्या प्रशिक्षणात सामील म्हणून हिला त्याच दिवशी घरी बसवतील. मग सहावी ब च्या बाहेर कोण असेल, ते तुम्ही मला सांगा.”

मला बाईंचा राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. मला न्याय हवा होता आणि मला सुंदरम्मा हवी होती. दोन्ही एकदम मिळत नव्हतं. इंदूची वर्षाखेर अजून पाच महिने लांब होती.

“मेमो फाडा,” मी म्हणाले. “स्प्रे पेटीत नको, सुंदरम्माच्या कमरेच्या पिशवीत राहील. आणि तिचं स्टूल सहावी ब च्या दाराशी.”

“कागदावर सरांचंच नाव राहील. प्रमाणपत्र त्यांच्याकडे आहे.”

“कागद त्यांना ठेवू द्या.”

बाईंनी मेमोची कार्यालयीन प्रत माझ्यासमोर फाडली. मी तक्रार परत पर्समध्ये ठेवली. बाहेर सुंदरम्मा घंटेखाली उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, “ताई, साप चावल्यावर काय करायचं, त्याचा पण कोर्स आलाय सरांना. बघू का?”

“बघा,” मी म्हणाले. “पूर्ण बघा. आणि नाव लिहायला शिका, पुढचा कोर्स तुमच्या नावाने भरू.”

“नाव येतंय की ओ मला लिहायला. तेलुगूत.” आणि घंटेची वेळ झाली म्हणून ती वळली.

सरांचं काय झालं? व्हायचं तेच झालं. जानेवारीच्या अखेरीस ते पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या घरी आले. पर्यवेक्षक झाले होते. कपाळाला गुलाल होता, अंगात नवा सफारी.

“तुमच्या इंदूच्या प्रसंगाचा मुलाखतीत उल्लेख केला मी, वहिनी. समितीला फार भावलं. संकटात डोकं शांत ठेवणं हेच खरं नेतृत्व, असं अध्यक्ष म्हणाले.”

एखाद्या माणसाला स्वतःच्या खोटेपणाची लाज वाटली तर त्याच्याशी भांडता तरी येतं. सरांना ती वाटतच नव्हती. त्यांनी तो अहवाल इतक्या वेळा वाचला होता की आपणच इंदूला वाचवलं असं त्यांना खरंच वाटू लागलं होतं. त्यांच्या आठवणीत आता कांदा नव्हता.

“आता शाळेचं नीट नियोजन करायचंय,” ते म्हणाले. “शिपायांच्या कामाची वाटणी माझ्याकडे आलीय. सुंदरम्माला वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत टाकतोय. दिवसभर स्टुलावर बसून असते, मुलांसमोर बरं दिसत नाही. आणि स्प्रे परत पेटीत. नवी काच बसवलीय.”

आतल्या खोलीत इंदू उत्कर्षाशी फोनवर खिदळत होती. मी उठले, कपाटाच्या खणातून ती तीन पानं काढली आणि पेढ्यांच्या पुड्याशेजारी टीपॉयवर ठेवली. ही पानं वर गेली तर पहिला फटका सुंदरम्माला बसेल, हे मला माहीत होतं. पण सरांना स्वतःपलीकडचं काही सुचत नाही, यावर माझा पूर्ण भरवसा होता.

त्यांनी पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर, जिथे मी त्या दिवशी शाळेतून परत आल्यावर ‘आपण उपस्थित आहात का’ची हकिकत घातली होती, तिथे थांबले. गुलालाच्या खाली घाम आला. तिसरं पान त्यांनी वाचलं नाही.

“तळमजल्यालाही कुणीतरी लागतंच म्हणा,” ते म्हणाले.

“सहावी ब पाशी.”

“सहावी ब पाशीच. आणि स्प्रेचं… ते जसं चाललंय तसं चालू दे.”

“पुढच्या वर्षी सातवी ब.”

“हो, हो. सातवी ब.”

मी पानं उचलून परत खणात ठेवली. तो खण आता इंदू दहावी होईपर्यंत रिकामा करायचा नाही. सरांनी पुडा पुढे सरकवला. मी एक पेढा इंदूसाठी काढून घेतला आणि एक कागदात बांधला, सकाळी सुंदरम्माला द्यायला.